ट्रायल संपली, पण शरीरात बसवलेलं यंत्र तसंच आहे. पुढची जबाबदारी कुणाची?

तितीक्षा

बायोमेडिकल संशोधनातल्या नैतिकतेचा विषय निघाला की गाडी दरवेळी संमतीपाशी येऊन थांबते. माणसाला सगळं नीट समजावलं का, त्यानं राजीखुशीनं सही केली का. याचं महत्त्व आहेच. १९४७ च्या न्यूरेम्बर्ग कोडचं, म्हणजे माणसांवरच्या प्रयोगांसाठीच्या नियमावलीचं, पहिलंच कलम ऐच्छिक संमतीचं आहे, आणि अमेरिकेतल्या टस्कीगीत १९३२ पासून १९७२ पर्यंत सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय माणसांना अंधारात ठेवून, पेनिसिलिन हाताशी आल्यावरही उपचार न देता नुसतं बघत बसले होते, हे इथल्या बऱ्याच जणांनी वाचलं असेल. पण मला या धाग्यात सहीच्या पुढचं बोलायचंय. सही झाली, ट्रायल झाली, ती पूर्ण झाली किंवा मधेच बंद पडली, आणि त्या माणसाच्या डोळ्यात, मेंदूत नाहीतर रक्तात जे घातलंय ते तिथेच आहे. मग पुढे?

आर्गस २ चं उदाहरण घ्या. सेकंड साइट नावाच्या अमेरिकन कंपनीचं यंत्र, रेटिनायटिस पिग्मेंटोसा या डोळ्याच्या पडद्याच्या आजारानं दृष्टी गेलेल्यांसाठी. चष्म्यावर बारीक कॅमेरा, कमरेला प्रोसेसरची डबी, आणि डोळ्याच्या आतल्या पडद्यावर ६० इलेक्ट्रोडची पट्टी. यातून आपल्यासारखं दिसत नाही, राखाडी उजेडाचे ठिपके दिसतात, पण त्या ठिपक्यांवरून दाराची चौकट कुठे आहे, समोरून कोणी येतंय का, एवढं ओळखायला माणसं महिनोन् महिने सराव करून शिकली. युरोपात २०११ ला आणि अमेरिकेत २०१३ ला याला मान्यता मिळाली (म्हणजे हे सगळे निव्वळ ट्रायलमधले नव्हते हे मान्य), जगभरात साधारण ३५० लोकांना बसवलं. २०१९ मध्ये कंपनीनं ते बनवणं थांबवलं, २०२० मध्ये बहुतेक कर्मचारी कमी केले, आणि कित्येक पेशंटना हे कंपनीकडून कळलंसुद्धा नाही. एक बाई न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत गाडी बदलायला निघाल्या असताना यंत्रातून बीप बीप आवाज आला आणि जे काय दिसत होतं ते सगळं गेलं. ते परत कधी सुरू झालंच नाही, डोळ्यातली पट्टी मात्र अजून आत. आणखी एकाला मेंदूची एमआरआय करायची होती, डोळ्यात असं काही असताना ती करावी की नाही, कोणत्या मशीनमध्ये करावी हे विचारायला कंपनीत कोणी सापडेना.

माझं म्हणणं एका वाक्यात असं की पहिल्या पेशंटची सही घ्यायच्या आधीच शेवटच्या दिवसानंतरची सोय लागलेली असली पाहिजे, पैशासकट. ती नसेल तर एथिक्स कमिटीनं, म्हणजे ट्रायल तपासून परवानगी देणाऱ्या समितीनं, परवानगी देऊच नये. तुम्हाला काय वाटतं? या क्षेत्रात काम करणारे इथे आहेत, त्यांनी जरूर लिहा.

रानवाटा

फार महत्त्वाचा विषय काढलात. आमच्या घरात हे झालंय म्हणून लिहिते. माझ्या मामाला पाठीच्या असह्य दुखण्यासाठी मणक्याजवळ तारा आणि कमरेत बॅटरी असं बसवलं होतं, अभ्यासाचा भाग म्हणून. हॉस्पिटलचं आणि कंपनीचं नाव लिहीत नाही. फरक पडला होता बरं का, चांगला पडला होता, मामा परत जमिनीवर मांडी घालून जेवायला बसायला लागला, घरात सगळ्यांना त्याचंच कौतुक. मग प्रायोजकानं अभ्यास गुंडाळला. यंत्राची सेटिंग करणारे डॉक्टर दुसरीकडे गेले. वर्षभरात चार्जरची केबल पिनेपाशी तुटली, तसला चार्जर बाजारात मिळायचा प्रश्नच नव्हता कारण तो बाजारात कधी आलाच नव्हता. मामेभावानं केबल जोडून बघितली, चालू झाली की बंद, चालू झाली की बंद, शेवटी मामीनंच म्हटलं की नको, अंगात काहीतरी बिघडायचं.

काढून टाकायचं म्हटलं तर सर्जन म्हणाले काढायला हरकत नाही, पण त्याचा खर्च अभ्यासात धरलेला नाही. मामाचा राग कशावर होता सांगू का, दुखणं परत आलं त्यावर तेवढा नव्हता. तो म्हणायचा, दर महिन्याला फोन यायचा की दुखणं दहापैकी किती, रात्री झोप किती, आणि ज्या दिवशी त्यांचं काम झालं त्या दिवसापासून एकानंही विचारलं नाही.

सायली_

रानवाटा, वाचून वाईट वाटलं. मी क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर आहे, संमतीचे फॉर्म वाचून दाखवणं हे माझं रोजचं काम, म्हणून आतली बाजू सांगते.

जवळजवळ प्रत्येक फॉर्मच्या शेवटाकडे एक परिच्छेद असतो की प्रायोजक कोणत्याही वेळी, कोणत्याही कारणानं अभ्यास थांबवू शकतो. तिथवर येईपर्यंत समोरच्या माणसाचं लक्ष पार उडालेलं असतं. आधी धोके येतात, मग फायदे, मग रक्त किती वेळा घेणार, येण्याजाण्याचा खर्च कोण देणार, माहिती गुप्त कशी ठेवणार, आणि मग हे. मी तिथे मुद्दाम थांबते आणि विचारते की हे बंद पडलं तर काय होईल असं तुम्हाला वाटतं? बहुतेक जण म्हणतात, म्हणजे तुम्ही दुसरं औषध द्याल ना. तसं फॉर्ममध्ये कुठेही लिहिलेलं नसतं. लोक आपल्यावर विश्वास टाकून तेवढी जागा स्वतःच भरून घेतात. गोळ्यांच्या ट्रायलमध्ये एक वेळ चालून जातं, नेहमीची गोळी परत सुरू करता येते. इम्प्लांटमध्ये तसं परत फिरता येत नाही.

आणि तो दर महिन्याचा फोन, तो आमच्यासारख्यांनीच केलेला असतो. अभ्यास बंद झाला की आमचं बजेट त्याच तारखेला संपतं, पुढे फोन करायला ना वेळ मंजूर असतो ना फाइल उघडायचा अधिकार. हे समर्थन म्हणून सांगत नाहीये, व्यवस्था अशी बांधलीये हे सांगतेय.

वक्रतुंड

विषय चांगला आहे पण दुसरी बाजूही यायला हवी, म्हणून थोडं कडवट लिहितो.

"आधी सोय लावा मगच सही घ्या" हे ऐकायला बरोबर वाटतं. पण ट्रायल करतो कोण? मोठ्या कंपन्या आहेतच, पण खरोखर नवीन, वेडी वाटणारी कल्पना येते ती विद्यापीठातल्या एखाद्या छोट्या गटाकडून नाहीतर दहावीस माणसांच्या स्टार्टअपकडून. त्यांना ग्रँट मिळते तीन नाहीतर पाच वर्षांची. त्यांना सांगितलं की या पंधरा माणसांची आयुष्यभराची देखभाल आधी बाजूला काढून ठेवा, तर ते ट्रायल करणारच नाहीत. मग ज्या आजाराला आज काहीच उपाय नाही त्याच्यावर उद्याही नसेल. ज्यांना यंत्र मिळालं आणि नंतर सोडून दिलं गेलं त्यांचं दुःख आपल्याला दिसतं, ज्यांच्यापर्यंत यंत्र पोचलंच नाही त्यांचं दिसत नाही.

आणखी एक. आयुष्यभर मोफत उपचार देऊ असं वचन दिलं तर ते आमिष होत नाही का? गरजू माणूस धोका न बघता त्या वचनासाठी सही करेल. संमती ऐच्छिक हवी म्हणून आपणच एवढं भांडतो ना?

उन्मेष.क

वक्रतुंड यांचा खर्चाचा मुद्दा खरा आहे, पण सगळा प्रश्न पैशाचा नाहीये, निम्मा प्रश्न डिझाइनचा आहे. मी मेडिकल डिव्हाइसच्या डिझाइनमध्ये आहे.

पेसमेकरचं बघा. हृदयात जाणारी तार आणि छातीतली डबी यांच्या जोडाला नव्वदच्या दशकापासून आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएस-१ म्हणतात त्याला. त्यामुळे एका कंपनीची तार आत असेल आणि डबी बदलायची वेळ आली तर दुसऱ्या कंपनीची डबी जोडता येते. कंपनी बुडाली तरी पेशंट अडकत नाही, कारण तार काढणं हे सगळ्यात धोक्याचं काम आणि ते करावंच लागत नाही. मेंदू, मणका, नसा यांना विजेची स्पंदनं देणाऱ्या स्टिम्युलेटरमध्ये असं सगळ्यांनी पाळलेलं मानक नाही. प्रत्येकाचा जोड वेगळा, प्रोग्रॅमर वेगळा, चार्जर वेगळा, सॉफ्टवेअर कुलूपबंद. म्हणजे रानवाटा यांच्या मामांची तार आणि बॅटरी दोन्ही ठीक असतील आणि तरी नुसत्या चार्जरपायी सगळं फुकट गेलं असेल, हे अगदी शक्य आहे.

क्लस्टर हेडेकसाठी, म्हणजे डोळ्यामागे अक्षरशः सुरी खुपसल्यासारखी डोकेदुखी होते ती, एका कंपनीनं चेहऱ्याच्या हाडाजवळ बसवायचा छोटा स्टिम्युलेटर काढला होता. ७०० हून जास्त लोकांना बसवला आणि २०१९ मध्ये कंपनी कोलमडली. जर्मनीतला एक पेशंट स्वतः इलेक्ट्रिकल इंजिनियर होता, त्यानं आपला रिमोट आपणच दुरुस्त करून चालू ठेवला. आता ७०० मध्ये असं जमणारे किती असणार? सर्किटचं रेखाटन, सॉफ्टवेअर, चार्जरचं स्पेसिफिकेशन हे सगळं आधीच त्रयस्थ संस्थेकडे ठेवायचं, कंपनी बंद पडली की ते खुलं करायचं, अशी अट घालायला कितीसा खर्च येतो? स्टार्टअपलासुद्धा परवडेल. खर्च न येणाऱ्या गोष्टीही होत नाहीत हे जास्त लागतं मनाला.

गणिती

ट्रायल "मधेच थांबवणं" म्हणजे दरवेळी पैसे संपले असं नसतं. कधीकधी आकडेवारीच थांबवते, आणि तिथे प्रश्न अजून अवघड होतो.

हेलन मेबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये कोणत्याच औषधाला दाद न देणाऱ्या नैराश्यात मेंदूच्या एका ठरावीक भागाला विजेची स्पंदनं देऊन सहापैकी चार पेशंटमध्ये चांगला फरक दाखवला. त्यावरून ब्रॉडन नावाची मोठी ट्रायल झाली. ९० जणांच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवले, काहींची यंत्रं चालू, काहींची बंद, कुणाचं चालू ते पेशंटला माहीत नाही. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नाही. मधल्या विश्लेषणात पुढे जाऊनही काही सिद्ध व्हायची शक्यता कमी दिसली म्हणून प्रायोजकानं नवीन भरती थांबवली. इथवर सगळं नियमाप्रमाणे.

पण नंतर सगळ्यांचीच यंत्रं चालू केली होती, आणि दोन वर्षांनी पाहिलं तर जवळजवळ निम्म्या लोकांना लक्षणीय आराम होता. आता यावरून यंत्र काम करतं असं छातीठोक म्हणता येत नाही, कारण त्या टप्प्यात तुलनेला गट नव्हता. पण जो माणूस वीस वर्षांनी पहिल्यांदा सकाळी उठून स्वतःहून आंघोळीला गेला, त्याला आपण काय सांगणार, की तुमची ट्रायल अयशस्वी ठरली, आता बॅटरी संपली की संपली? बॅटरी बदलायलाही ऑपरेशन लागतं. सरासरीत फायदा नाही आणि या एका माणसाला आहे, ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात आणि नियम लिहिताना फक्त पहिलं वाक्य धरलं जातं. वैद्यकीय संशोधनाच्या नैतिकतेवरच्या हेलसिंकी जाहीरनाम्यातसुद्धा "ट्रायलमध्ये फायदेशीर ठरलेला उपचार" अशी भाषा आहे. कुणासाठी फायदेशीर, ते कोण ठरवणार?

सुनीती

गणिती यांनी हेलसिंकीचा उल्लेख केला म्हणून सविस्तर लिहिते, मी एका एथिक्स कमिटीवर काही वर्षं आहे.

जाहीरनामा मूळचा १९६४ चा. ट्रायलनंतरच्या उपचाराचा मुद्दा त्यात २००० च्या सुधारणेत आला, तोही एड्सच्या ट्रायल्सवरून जगभर झालेल्या वादानंतर. २०१३ च्या आवृत्तीत स्पष्ट आलं की ट्रायल सुरू व्हायच्या आधीच प्रायोजक, संशोधक आणि त्या देशाचं सरकार यांनी मिळून ही तरतूद करायची आणि संमती घेताना सहभागी व्यक्तीला ती सांगायची. ऑक्टोबर २०२४ च्या आवृत्तीत अजून एक पाऊल पुढे, यातून सूट हवी असेल तर ती एथिक्स कमिटीनं मंजूर करायची. म्हणजे तितीक्षा जे म्हणतेय ते कागदावर ऑलरेडी आहे. पण हेलसिंकी हा डॉक्टरांच्या संघटनेचा जाहीरनामा आहे, तो मोडला म्हणून कुणाला कोर्टात खेचता येत नाही, जोवर देशाच्या कायद्यात तो उतरत नाही. ब्राझीलनं उतरवला होता, २०१२ च्या ठरावात ट्रायलनंतर प्रायोजकानं उपचार मोफत चालू ठेवायचा असा कडक नियम होता. २०२४ मध्ये तिथे नवीन कायदा झाला आणि ती जबाबदारी काही अटींवर संपवायची वाट ठेवली. कारण वक्रतुंड सांगतात तेच दिलं गेलं, ट्रायल्स देशात येत नाहीत.

वक्रतुंड, तुमच्या आमिषाच्या मुद्द्याला मात्र मी ठाम असहमत. आमिष म्हणजे धोका घ्यावा म्हणून दिलेली वेगळी लालूच. शरीरात घातलेली वस्तू सुरक्षित ठेवणं किंवा सुरक्षितपणे काढून देणं ही लालूच कशी होईल? तो धोका कमी करण्याचा भाग झाला. तुमच्याच तर्कानं जायचं तर ट्रायलमध्ये दुखापत झाल्यास उपचार देणं हेही आमिष म्हणावं लागेल.

आणि याची उलटी बाजूही बघा, जिथे माणसाला सोडून जायचंय आणि जाता येत नाही. डुकराच्या अवयवांचं रोपण. जानेवारी २०२२ मध्ये मेरीलंड विद्यापीठात जनुकं बदललेल्या डुकराचं हृदय पहिल्यांदा जिवंत माणसाला बसवलं, तो दोन महिने जगला आणि त्या हृदयात डुकराचा एक विषाणू सापडला. २०२४ पासून मूत्रपिंडंही बसवायला लागलेत. प्राण्यातला संसर्ग माणसात पसरू नये म्हणून अशा रुग्णांवर आयुष्यभर देखरेख ठेवावी असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, मृत्यूनंतर शवविच्छेदनाची संमतीसुद्धा आधीच मागतात. पण ट्रायलमधून केव्हाही बाहेर पडायचा हक्क तर न्यूरेम्बर्गपासून मूलभूत मानलाय! मूत्रपिंड काढून टाकलं आणि माणूस म्हणाला आता मला फोन करू नका, तर? आमच्या कमिटीपुढे असा प्रस्ताव अजून आलेला नाही, आला तर मी काय मत देईन ते मला आज सांगता येत नाही.

पल्याड

जीन थेरपीवाले, म्हणजे जनुक दुरुस्त करून उपचार करणारे, आहेत का कोणी? नाहीतर मी लिहितो, कारण इथे यंत्र दिसत नाही म्हणून लोकांना वाटतं प्रश्न नाही.

एडीए-स्किड म्हणून आजार आहे, बाळाला प्रतिकारशक्तीच नसते, साधा सर्दीखोकला जिवावर बेततो. लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमध्ये डोनाल्ड कोन यांच्या गटानं आणि लंडनच्या डॉक्टरांनी बाळाच्याच मूळ पेशी काढून, दुरुस्त जनुक घालून परत द्यायची पद्धत आणली. २०२१ मध्ये निकाल आला, ५० पैकी ४८ मुलांमध्ये उपचार टिकला. अशा आकड्यानंतर काय व्हायला हवं? ज्या कंपनीकडे परवाना होता तिनं यात पैसे घालणं थांबवलं. उपचार चालत नाही म्हणून थांबवलं असतं तर समजू शकलो असतो. आजार इतका दुर्मीळ की धंदा होत नाही. परवाना विद्यापीठाकडे परत आला, मधल्या काळात आईबाप बाळाला घरात कोंडून, बाहेरच्या कुणाला हात लावू न देता वाट बघत बसले. विद्यापीठानं सार्वजनिक निधीतून परत सुरू केलं आणि २०२५ मध्ये ६२ पैकी ५९ मुलं वर्षानुवर्षं ठीक असल्याचं प्रसिद्ध झालं. याच आजारावर युरोपात स्ट्रिमव्हेलिस नावाची मान्यता मिळालेली थेरपी होती, तीही कंपन्यांना नकोशी झाली तेव्हा २०२३ मध्ये इटलीच्या तेलेथॉन फाउंडेशननं, म्हणजे देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेनं, ती स्वतःकडे घेतली.

म्हणजे वक्रतुंड म्हणतात तसं छोटे लोक जबाबदारी घेऊ शकत नाहीत असं नाही, बऱ्याचदा तेच घेतात.

दुसरं, जीन थेरपीत लांबचा पाठपुरावा ही चैन नसते. पॅरिस आणि लंडनमध्ये एक्स-लिंक्ड स्किडच्या (प्रतिकारशक्ती नसण्याचाच दुसरा प्रकार) सुरुवातीच्या ट्रायल्समध्ये वीसेक मुलं होती, त्यातली पाच पुढे काही वर्षांनी ल्युकेमियानं आजारी पडली, कारण जनुक पेशीत पोचवायला वापरलेल्या विषाणूनं नेलेलं जनुक नको त्या जागी जाऊन बसलं होतं. यातला एक मुलगा गेला. म्हणून आज जनुकसंचात कायमचा बदल करणाऱ्या थेरपीनंतर १५ वर्षं लक्ष ठेवा असं अमेरिकेची औषध नियामक संस्था एफडीए सांगते. बरं, १५ वर्षं कंपनी टिकते का? २०२५ च्या मे मध्ये फिलाडेल्फियाच्या बाळाची बातमी सगळ्यांनी वाचली असेल, सीपीएस१ नावाचं एन्झाइम नव्हतं, सहा महिन्यांत फक्त त्याच्या एकट्यासाठी बेस एडिटिंगचं, म्हणजे जनुकातलं एक अक्षर दुरुस्त करणारं, औषध बनवलं आणि दिलं. मला अतिशय आनंद झाला होता वाचून. पण तसं प्रत्येक मुलासाठी वेगळं औषध बनायला लागलं की प्रत्येक मुलाच्या मागे पुढची १५ वर्षं कोण उभं राहणार, याची यंत्रणा आत्ताच बांधायला नको का?

अवलोकन

सगळे प्रतिसाद वाचले. एक राहिलं, कंपनी बुडत नाही, विज्ञान फसत नाही, तरी ट्रायल थांबते असाही प्रकार आहे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकन सरकारनं परदेशी मदत गोठवली आणि काम थांबवा असे आदेश गेले. दक्षिण आफ्रिकेत गर्भधारणा आणि एचआयव्ही दोन्ही रोखणाऱ्या रिंगची चाचणी चालू होती, स्त्रियांच्या शरीरात रिंग बसवलेल्या होत्या आणि संशोधकांना पुढे काम करायची परवानगी नाही. काहींनी आदेश बाजूला ठेवून त्यांना बोलावलं आणि रिंग काढून दिली. अमेरिकेच्या आतही तेच, एनआयएच या तिथल्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या ग्रँट रद्द झाल्यानं २०२५ मध्ये ३८३ क्लिनिकल ट्रायल्सना फटका बसला, त्यात ७४ हजारांहून जास्त लोक नाव नोंदवलेले होते.

सगळी चर्चा कंपनीला धरून चाललीये म्हणून हे लिहिलं. सरकारी पैसा आहे म्हणून माणूस सुरक्षित, असं समजायचं कारण नाही.

वक्रतुंड

सुनीती, आमिषाबद्दल तुमचं उत्तर पटण्यासारखं आहे, निदान सुरक्षित काढून देण्यापुरतं. पल्याड, तुमची उदाहरणं विद्यापीठाला नंतर सार्वजनिक निधी मिळाला म्हणून जमली, तो मिळाला नसता तर? माझा मूळ प्रश्न शिल्लक आहे की पैसा नेमका कुणी आणि किती ठेवायचा. आणि अवलोकन यांनी दिलेल्या माहितीनंतर तर तो अजून टोकदार झाला, सरकारच माघार घेत असेल तर प्रायोजकाकडून घेतलेल्या लेखी हमीला काय अर्थ?

तितीक्षा

म्हणूनच नुसत्या हमीपेक्षा जमा रक्कम हवी असं मला वाटतं. खाणीला परवाना देताना अनेक ठिकाणी जमीन पूर्ववत करण्याची रक्कम आधीच ठेव म्हणून घेतात, मालक पळाला तरी खड्डा बुजवायला पैसे असतात. तसंच इम्प्लांटच्या प्रत्येक ट्रायलमध्ये दरडोई काढण्याच्या ऑपरेशनचा आणि ठरावीक वर्षांच्या देखभालीचा खर्च त्रयस्थ खात्यात आधी भरायचा. मी आयुष्यभर म्हणत नाहीये, वक्रतुंड. काढून देण्याचा खर्च बांधील, त्यात तडजोड नाही. चालू ठेवण्याचा खर्च किती वर्षं, ते आजारानुसार कमिटीनं ठरवावं. छोट्या गटांसाठी सगळ्या प्रायोजकांच्या वर्गणीतून एक सामाईक निधी करता येईल, सगळ्याच ट्रायल्स एकदम बुडत नाहीत. आणि उन्मेष म्हणतात ती रेखाटनं, सॉफ्टवेअर त्याच संस्थेकडे.

पण "काढून देणं" म्हणजे सुटलो असंही नाही, हे लिहायलाच हवं. ऑस्ट्रेलियात न्यूरोव्हिस्टा कंपनीची ट्रायल झाली, अपस्माराच्या १५ रुग्णांच्या मेंदूवर इलेक्ट्रोड, आणि हातात एक छोटं यंत्र, त्यावर लाल दिवा म्हणजे झटका येण्याची शक्यता जास्त, पांढरा म्हणजे मध्यम, निळा म्हणजे निर्धास्त. एका बाईचं आयुष्य त्यानं बदललं. घराबाहेर पडण्याआधी दिवा बघायचा, लाल झाला की औषध घ्यायचं, कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्या एकट्या फिरू शकल्या. २०१३ मध्ये कंपनीचे पैसे संपले आणि यंत्र काढून घ्यायला सांगितलं. त्यांनी आणि नवऱ्यानं घर गहाण टाकून ते विकत घ्यायची तयारी दाखवली, जमलं नाही. सगळ्यात शेवटी काढलं ते त्यांचं. नंतर त्यांनी संशोधकांना सांगितलं की ते यंत्र त्यांचाच एक भाग झालं होतं आणि ते काढल्यावर आपण स्वतःलाच गमावलंय असं वाटतं. नैतिकतेवर लिहिणारे काही तज्ज्ञ आता हा मानवी हक्काचा प्रश्न आहे असं मांडतात, की एखाद्याच्या मनाचा भाग झालेली वस्तू त्याच्या इच्छेविरुद्ध काढायची का. मला ते मांडणं पटतं. सुरक्षित काढून दिलं, खर्च दिला, सगळे नियम पाळले, आणि तरी त्या बाईंवर अन्याय झालाच.

रानवाटा

तितीक्षा, हे वाचून मामाला सांगावंसं वाटतंय. त्याला नेहमी वाटतं आपणच जास्त अपेक्षा ठेवली.

सायली, तुम्हाला एक विचारायचं होतं. फॉर्म वाचून दाखवताना नातेवाईकानं नेमकं काय विचारावं? आमच्या शेजारच्या काकूंना एका इम्प्लांटच्या अभ्यासासाठी बोलावलंय आणि त्यांनी मला बरोबर ये म्हटलंय.

सायली_

नक्की जा बरोबर. पहिलं हे विचारा की अभ्यास ठरल्याआधी बंद झाला तर हे काढायचा खर्च कोण करणार, आणि उत्तर तोंडी घेऊ नका, फॉर्ममध्ये कुठे लिहिलंय ते दाखवा म्हणा. चार्जर, बॅटरी, रिमोट याचा सुटा भाग किती वर्षं मिळेल तेही. यंत्राचा मॉडेल नंबर, आतल्या तारेचा नंबर आणि एमआरआय चालते की नाही हे छापलेलं कार्ड ऑपरेशनच्या दिवशीच ताब्यात घ्या, नंतर देतो म्हणाले तर तिथेच बसून राहा. फॉर्मवर एथिक्स कमिटीचा स्वतंत्र फोन नंबर असतो, तो संशोधकाचा नसतो, काकूंच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या. आणि त्यांनी घाई केली, आजच सही करा म्हणाले, तर फॉर्म घरी घेऊन या. वाचायला वेळ मागणं हा त्यांचा हक्क आहे, त्यासाठी कुणी नाराज होत असेल तर होऊ दे.

सुनीती

सायलीच्या प्रतिसादात एक भर. काढायच्या खर्चाचं उत्तर "विमा आहे" असं आलं तर विम्याची मुदत विचारा. बऱ्याच पॉलिसी अभ्यासाच्या कालावधीपुरत्या असतात. आमच्या कमिटीत मी आता प्रत्येक इम्प्लांटच्या प्रस्तावाला पॉलिसीची प्रत आणि संपण्याची तारीख मागते, गेल्या बैठकीत एक प्रस्ताव एवढ्यासाठीच परत पाठवला, तो पुढच्या महिन्यात दुरुस्त होऊन येईल. काय तरतूद केली ते इथे लिहीन.